डोंगर जागचा हलत नसतो

आषाढ लागला की मावळात दिवसास दिवस म्हणण्याचे फारसे कारण उरत नाही. सकाळ-संध्याकाळ एकाच राखी रंगाच्या होऊन जातात, आणि रात्र तर उंबरठ्याशी येऊन बसल्यासारखी भासते. अशाच एका रात्री आम्ही सोमाटण्यास बहिणीच्या घरी मुक्कामास होतो. जेवणे आटोपली होती, वीज गेली होती, आणि घरातील लहानथोर मंडळी ओसरीवर एका विजेरीच्या उजेडाभोवती जमली होती. चौराईचा डोंगर ढगांत पुरता बुडाला होता. हमरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींचे दिवे तेवढे पावसातून पिवळट ठिपक्यांसारखे सरकताना दिसत होते. इतक्यात डोक्यावरून विमानाचा आवाज गेला. आवाज गेला असे आम्ही जाणूनबुजून लिहितो. कारण विमान कोणासही दिसले नाही.

आमचा भाचा अकरा वर्षांचा आहे, आणि त्या वयास साजेसे प्रश्न त्याच्यापाशी कधी संपत नाहीत. “मामा, इतक्या रात्री, इतक्या पावसात कोण जात असेल हो विमानातून?” असे त्याने विचारले. त्याचे काका मालवाहतुकीच्या व्यवहारात असल्यामुळे उत्तर त्यांनीच दिले. “या वेळचे विमान पुष्कळदा मालाचे असते. पुढे दोघे वैमानिक, मागे टपाल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग. प्रवासी कोणी नाही.” यावर कोपऱ्यात जपाची माळ ओढीत बसलेल्या माई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, हातातील मणी न थांबविता म्हणाल्या, “प्रवासी नसेनात. त्या दोघांच्या घरी कोणी जागे असेलच ना?”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग भाच्याने दुसरा प्रश्न टाकला, “पण मामा, त्यांना दिसते कसे?” आम्ही म्हणालो, “दिसत नाही. ते हिशेबाने जातात.”

“आणि हिशेब चुकला तर?”

त्या रात्री आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. पावसाळी रात्री विमानाचा हिशेब चुकला तर काय होते, हे आपल्या पुणे जिल्ह्याच्या डोंगरांनी एकदा फार भयंकर रीतीने पाहिले आहे. ती हकीकत, आणि तिच्या मागची-पुढची आणखी थोडी, या महिन्याच्या पानात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विमानातून माल नेणे ही अलीकडची चैन आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक आपल्या देशात विमानास पहिला मान मिळवून दिला तो टपालाच्या पिशवीने. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तेव्हाच्या अलाहाबादेहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून, आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक सुमारे ६,५०० पत्रे घेऊन यमुनापार नैनीस उतरला. जगात सरकारी रीतीने विमानाने टपाल नेण्याचा तो पहिला प्रसंग मानला जातो. अंतर अवघे सहा मैलांचे. पण त्या सहा मैलांतच एक नवे युग सुरू झाले.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान कराचीहून उडविले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविले. आत टपालाच्या पिशव्या होत्या. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे बेल्लारीवरून मद्रासेस नेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, जमिनीवर वाट दाखविणारी कोणतीही साधने नव्हती. होकायंत्र, नकाशा आणि डोळे एवढाच सारा सरंजाम. रात्री उडण्याची सोय नसल्यामुळे बेल्लारीस मुक्काम करावा लागे व उजाडल्यावर पुढची मजल सुरू होई.

पावसाळा आला की जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होऊन जाई. मग हा सगळा कारभार पुण्यास हलविण्यात येई. येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या एका लहानशा मैदानावरून ही विमाने ये-जा करीत. म्हणजे ऐन पावसाळ्यात, सह्याद्री ढगांनी झाकलेला असताना, या टीचभर विमानांना तो ओलांडावा लागत असे. असे असता पहिल्या वर्षाचा हिशेब काय निघाला? १,६०,००० मैलांचे उड्डाण झाले, पावणेदहा टनांच्या जवळपास टपाल पोहोचले, आणि एकदाही खेप चुकली नाही. मुलकी विमानवाहतूक खात्याच्या अहवालात या कामगिरीचा मुद्दाम गौरव करण्यात आला. पावसाळ्यात पश्चिम घाटावरील मजल विशेष धोक्याची असते, आणि तरीही टपालास उशीर झाला नाही, असा उल्लेख त्यात आहे.

हे कसे साधले? वैमानिक कुशल होते हे तर खरेच. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपणांस काय दिसत नाही याची त्यांना पूर्ण जाणीव होती. हाती साधने नाहीत हे ठाऊक असल्यामुळे दिवस मावळला की थांबावयाचे, हा दंडक त्यांनी मानला. त्यांचे हे थांबणे आम्हांस त्यांच्या उडण्याइतकेच मोलाचे वाटते.

स्वातंत्र्यानंतर टपालाने रात्रही आपलीशी केली. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून चार विमाने रात्री निघत आणि देशाच्या मध्यावर, नागपुरास, एकत्र येत. तेथे पिशव्यांची अदलाबदल होई, आणि जो तो आपापल्या शहराकडे परत फिरे. सायंकाळी मुंबईच्या पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या घरात वाचले जाई. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना अमलात आली. ज्या घरांतून मुलगा परप्रांती नोकरीस होता, त्या घरांना या योजनेचा अर्थ काय वाटला असेल, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु रात्रीच्या या सोयीची किंमतही कोणाला तरी द्यावी लागली. १२ डिसेंबर १९५३ रोजी पहाटेपूर्वी, नागपूरहून मद्रासेकडे निघालेले डाकोटा जातीचे टपालविमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. टपालासोबत त्यात काही प्रवासीही होते. तेरा जण प्राणास मुकले. वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कामगार पुढारी व लोकसभेचे सभासद हरिहरनाथ शास्त्री होते. ज्यांची पत्रे त्या रात्री मद्रासेस पोहोचली नाहीत, त्यांतील कितीजणांना त्या पत्रांची वाट कोठे संपली हे कळले असेल?

नागपूरच्या अपघातात मैदानी मुलूख होता. आता आमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पाऊस, रात्र आणि डोंगर या तिहींच्या गाठीकडे वळू. सोमाटण्याहून उत्तरेस, सरळ रेषेने मोजले तर साठएक किलोमीटरांवर जुन्नर तालुक्याचा डोंगराळ मुलूख लागतो. शिवनेरी, हरिश्चंद्रगड, नाणेघाट ही नावे आपल्या घरांतील मुलांना तोंडपाठ असतात. त्याच मुलखातील एका डोंगरावर १९६२ सालच्या ७ जुलैच्या आरंभी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, अलितालिया या इटालियन कंपनीचे एक जेट विमान आदळले. विमान लहान नव्हते आणि मालाचेही नव्हते. चार इंजिनांचे, डग्लस डीसी-८ जातीचे ते मोठे प्रवासी विमान होते. परंतु काळोखातील डोंगरास लहान-मोठे कळत नाही, आणि या अपघातापासून घ्यावयाचा धडा दोन माणसांच्या मालविमानासही जसाच्या तसा लागू पडतो.

हे विमान ऑस्ट्रेलियातील सिडनीहून रोमकडे निघाले होते. वाटेत बँकॉकला थांबून ते मुंबईच्या रोखाने येत होते. जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे सह्याद्रीवर पावसाळा भर रंगात आलेला. खाली ढगांचा जाड थर, भोवती काळोख. मुंबईच्या विमानतळाशी बिनतारी यंत्रावरून बोलणे चालू होते. आणखी थोड्याच मिनिटांत मुंबई येणार, अशी वैमानिकांची खात्री झाली होती, आणि त्या खात्रीने ते विमान खाली उतरवू लागले. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर नैर्ऋत्येस होती. विमानाच्या वाटेवर, अहवालात ‘दावंड्याची’ असे नाव आलेला डोंगर उभा होता. सुमारे ३,६०० फूट उंचीवर, माथ्याच्या अगदी जवळ, विमान त्यावर आदळले. आतील ९४ माणसांपैकी एकही वाचला नाही.

थोडेसे अधिक उंचीवरून गेले असते, तर ते विमान तो डोंगर ओलांडून गेले असते. अशा जरतरांना अर्थ नसतो हे आम्ही जाणतो. तथापि हा आकडा वाचला की मन तेथे अडखळल्याशिवाय राहत नाही.

पुढे सरकारी चौकशी झाली. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा: मार्गाच्या हिशेबात चूक झाल्यामुळे आपण मुक्कामाच्या जितके जवळ आहो त्याहून अधिक जवळ आलो, असे वैमानिकास वाटले, आणि म्हणून रात्रीच्या वेळी, केवळ यंत्रांवर विसंबून, सरळ धावपट्टीकडे जाण्याच्या हेतूने त्याने वेळेआधी उतरण्यास आरंभ केला. याशिवाय तीन गोष्टी चौकशीत पुढे आल्या. आपले नेमके स्थान पडताळून पाहण्याची जी साधने उपलब्ध होती त्यांचा उपयोग करण्यात आला नाही. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आणले गेले. आणि या मार्गावरील भूप्रदेशाची वैमानिकास पुरेशी ओळख नव्हती.

येथे आमच्या भाच्यासारख्या जिज्ञासू वाचकांसाठी दोन गोष्टी उलगडून सांगणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट उंचीची. विमानातील उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, त्या फरकावरून काटा फिरतो. मुंबईस उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला हा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो. पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. काट्यावर ४,००० फूट दिसत असताना जुहूच्या वाळूवर खरोखरच चार हजार फूट मोकळी हवा असते. पण सोमाटण्याची जमीनच समुद्रापासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे. येथे उरली ती निम्मी. पवनेच्या खोऱ्यातील तुंगचा माथा सुमारे ३,५०० फुटांवर आहे. त्यावर उरले पाचशे फूट. हरिश्चंद्रगड तर साडेचार हजारांच्याही वर आहे. तेथे हवा उरतच नाही, खडक असतो. काटा सगळीकडे तोच आकडा दाखवितो आणि तो खोटेही बोलत नाही. तो आकडा कोणत्या गावावर वाचला जात आहे, हे ठरविणे माणसाकडे असते.

दुसरी गोष्ट अंतराची. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते; म्हणजे मिनिटास तेरा-चौदा किलोमीटर. उतरताना वेग मंदावतो हे धरले तरी पाच-दहा मिनिटांचा हिशेब चुकला की मुंबईची जुन्नर होऊन जाते. त्यात वारा पाठीशी आहे की समोरून, यावर जमिनीवरील वेग कमी-जास्त होतो. डोळ्यांनी खाली पाहता येत असेल तर एखादी नदी, एखाद्या शहराचे दिवे हा घोटाळा तत्काळ दुरुस्त करतात. ढगांवरून जाताना ही साक्ष मिळत नाही. मग जमिनीवरील रेडिओकेंद्रांचे संकेत घेऊन आपली जागा पुनःपुन्हा ताडून पाहणे, एवढाच मार्ग राहतो. तो मार्ग त्या रात्रीही खुला होता.

आपल्या मुलखाची रचना या दोन्ही चुकांना विशेष प्रतिकूल आहे. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानाच्या खाली प्रथम देशावरचे पठार असते, मग घाटमाथ्याची शिखरे लागतात, आणि मग एकाएकी कडा संपून कोकण समुद्रसपाटीवर उतरते. उतरण्याची घाई करावयाची तर ती या कड्याच्या पलीकडे; अलीकडे नव्हे. शेवटचा डोंगर मागे पडला याची खूणगाठ पटल्याखेरीज खाली येऊ नये, हा धडा कोकणात उतरणारे लमाणही बैल हाकताना पाळीत असतील. त्यांना निदान घाटाचा रस्ता डोळ्यांस दिसत होता.

मुंबईत शिरल्यावरही डोंगरांची हद्द संपत नाही. १२ जुलै १९४९ रोजी, भर दिवसा पण पावसाळी हवेत, के.एल.एम. या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि ४५ माणसे गेली. त्यांत तेरा अमेरिकन पत्रकार होते. ती टेकडी सातशे फुटांच्याही आतली. सांताक्रूझचा विमानतळ तेथून अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावा असा.

जेव्हा जेव्हा असा अपघात होतो, तेव्हा एकट्या वैमानिकास दोष देऊन मोकळे होण्याची आपली प्रवृत्ती असते. दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु हीच चूक निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या शाळांत तयार झालेल्या, हजारो तासांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसांच्या हातून होत राहिली, हे पाहिले म्हणजे तिचे मूळ एका माणसाच्या हलगर्जीत नसून मनुष्यमात्राच्या मनात आहे असे म्हणावे लागते. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या विमानतळाकडे वादळी हवेत येणारे एक जेट विमान असेच वेळेआधी खाली आले, व्हर्जिनियातील एका डोंगराच्या धारेवर आदळले आणि ९२ माणसे गेली. त्यानंतर तेथील सरकारने मोठ्या प्रवासी विमानांत, जमीन जवळ येताच इशारा देणारे यंत्र बसविणे सक्तीचे केले. हे यंत्र सिद्ध करण्यात डॉन बेटमन या अभियंत्याचा वाटा फार मोठा होता. विमान जमिनीच्या धोकादायक रीतीने जवळ येऊ लागले की ‘वर घ्या’ अशा अर्थाचा पुकारा वैमानिकाच्या कानी पडतो.

आरंभीची यंत्रे फक्त पायाखाली पाहत. समोर एकदम उभा राहणारा कडा त्यांना वेळेवर कळत नसे. आणि आपल्या सह्याद्रीचे कडे तर असेच एकदम उभे राहणारे. पुढे १९९० नंतरच्या दशकात उपग्रहांवरून स्थान जाणणारी आणि पृथ्वीवरील डोंगरांचा नकाशा पोटात बाळगणारी यंत्रे आली. आज मोठ्या विमानांतून ती असतात, जमिनीवरील रडारही लक्ष ठेवते, आणि म्हणून १९६२ सारखा प्रसंग आता क्वचितच घडतो. सर्वच लहान मालविमानांत मात्र एवढी साधने असतातच असे नाही. शिवाय मालाची विमाने मुख्यतः रात्री उडतात. कारण सायंकाळपर्यंत गोळा झालेला माल सकाळी दारी हवा असतो. उत्तररात्री दोन ते पहाटे सहा हा काळ मनुष्याच्या शरीराच्या घड्याळातील सर्वांत मंद काळ असतो, आणि त्याच काळात या माणसांना सर्वांत सावध राहावयाचे असते.

आणि यंत्र असले तरी भागतेच असे नाही. ९ मे २०१२ रोजी इंडोनेशियात, ढगांनी झाकलेल्या सलाक पर्वताजवळ एक नवेकोरे रशियन जेट विमान पाहुण्यांना प्रदर्शनार्थ फिरवून आणीत होते. जमीन जवळ येत असल्याचा इशारा यंत्राने दिला. वैमानिकास वाटले, यंत्राच्या नकाशातच काही गफलत असावी. त्याने इशारा बंद केला. थोड्याच वेळात विमान कड्यावर आदळले आणि आतील ४५ माणसे मृत्यू पावली. यंत्र खरे बोलत होते. पण ऐकणाऱ्याच्या मनाने आपण कोठे आहो याचा निकाल आधीच देऊन ठेवला होता.

आम्हांस या सर्व हकीकतींचे सार येथे दिसते. १९३३ च्या पावसाळ्यात पुण्याहून उडणाऱ्या टपालविमानापाशी साधने नव्हती, आणि म्हणून त्याचा वैमानिक क्षणोक्षणी स्वतःस विचारीत असणार, ‘आपण खरोखर कोठे आहो?’ १९६२ च्या विमानापाशी साधने होती, पण तो प्रश्न विचारण्याची गरज वाटेनाशी झाली होती. घात अज्ञानाने केला नाही. ‘आता जवळ आलोच’ या खात्रीने केला. मुक्काम दूर असतो तोवर माणूस जपून असतो. मुक्काम जवळ आला असे वाटू लागले की तो सैल पडतो. आणि डोंगर तर जागचा हलत नसतो. आपणच आपल्या मनात त्याला मागे टाकून मोकळे होतो.

हे सारे विमानांपुरतेच असते, तर घरगुती मासिकात त्यासाठी इतकी पाने खर्ची घालण्याचे आम्हांस कारण नव्हते. पण सोमाटण्यासारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट दर आठवड्यास भेटत असते. आमचे मेहुणे नोकरीनिमित्त मुंबईस असतात आणि शनिवारी रात्री घाट चढून घरी येतात. खंडाळ्याचा घाट संपला, लोणावळ्याचे दिवे मागे पडले, कामशेत गेले की ‘आता घर आलेच’ असे वाटू लागते. आणि नेमक्या याच टप्प्यात थकलेला डोळा मिटू पाहतो, पाय यंत्रावर जडावतो. घाटात माणूस भीतीने जागा असतो. सपाटीवर त्याला झोप गाठते.

यात घरच्या मंडळींचाही एक भाग असतो, आणि तो आम्ही आमच्या वाचक-भगिनींसह सर्वांपुढे आदराने मांडू इच्छितो. आपण वाट पाहतो ती प्रेमाने. पण ती वाट पाहणे कधीकधी प्रवाशाच्या पाठीस लागते. पान वाढून ठेवले आहे, मुले जागी आहेत, कोठवर आलास, किती वेळ लागेल, असे दर पंधरा मिनिटांनी दूरध्वनीवरून विचारले म्हणजे चाक हाती असलेल्या माणसाच्या मनात घर प्रत्यक्षाहून जवळ येते. जी चूक त्या वैमानिकाने हिशेबात केली, तीच आपण मायेपोटी दुसऱ्याकडून करवीत असतो. मालाच्या बाबतीतही तेच. उद्या सकाळी नऊच्या आत वस्तू दारी हवी असा आग्रह आपण एका बोटाच्या इशाऱ्याने धरतो, तेव्हा त्या आग्रहाचे ओझे रात्रीच्या पावसात कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन पडते. काही वस्तू खरोखरच तातडीच्या असतात, औषध त्यांतलेच. पण साडीस आणि खेळण्यास दोन दिवस थांबता येते, आणि त्या थांबण्याने आपले काहीही बिघडत नाही.

दुसरे दिवशी सकाळी पाऊस थोडा ओसरला. साडेनवाच्या सुमारास दारात एक तरुण ओल्या अंगरख्यानिशी उभा राहिला आणि त्याने माईंच्या औषधाचे लहानसे खोके भाच्याच्या हाती दिले. ते बंगळुराहून आले होते. रात्री डोक्यावरून गेलेल्या विमानातून ते आले की मालमोटारीतून, हे आम्हांस सांगता येणार नाही. बहिणीने त्या तरुणास आत बोलावून गरम चहा दिला. भाच्याने खोके उलटसुलट करून पाहिले आणि आजीला विचारले, “आजी, हे आणणारे ते दोघे पोहोचले असतील ना घरी?”

“पोहोचले असतील रे बाबा,” माई म्हणाल्या, आणि खोके न उघडताच त्यांनी ते देवापाशी नेऊन ठेवले.

त्यानंतरच्या शनिवारी रात्री पुन्हा जोराचा पाऊस होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मेहुण्यांचा पत्ता नव्हता. बहिणीने दूरध्वनी करावयास हात पुढे केला तेव्हा माईंनी तो थांबविला. थोड्या वेळाने मेहुण्यांनी वाटेतल्या एका चहाच्या दुकानाशी गाडी उभी करून स्वतःच दूरध्वनी केला. माईंनी तो आपल्या हाती घेतला. किती उशीर, कोठवर आलास, असे काहीही त्यांनी विचारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “सावकाश ये. आम्ही जेवून घेतो. तुझे पान झाकून ठेवले आहे.”